जुन्या चाकातली हवा

१

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी मी चाकं वाजवतो. हातभर लांबीची लोखंडी टामी घ्यायची, पुढच्या उजव्या चाकापासून निघायचं, मागून वळसा घालून पुढच्या डाव्यापाशी यायचं आणि वाटेत प्रत्येक टायरवर एकेक ठोका द्यायचा. हवा भरपूर असली की टामी मागे उसळते आणि टण वाजतं. कमी असली की भद्द. मागे दोन्ही अंगांना जोडचाकं, म्हणजे एकूण सहा टायर, सहा ठोके. आजकालचे ड्रायव्हर काटा लावून हवा बघतात आणि मला हसतात. हसू देत बापडे. चाळीस वर्षांत माझा टायर रस्त्यात बसला असं कुणी दाखवून द्यावं.

गाडी अठ्ठ्याऐंशीची, लांब नाकाची. तिनं आधी कापूस वाहिला, मग ऊस, मग विटा, आणि तेराच्या दुष्काळात मी तिच्या पाठीवर पाण्याची टाकी बसवली. बहात्तर साली खायला नव्हतं, या वेळी प्यायला नाही, असं जो तो म्हणत होता. तहसिलातून मला वडवणीच्या वरच्या डोंगरातली एक वस्ती मिळाली. रोज एक खेप. टाकी वस्तीच्या विहिरीत सोडायची आणि लोकांनी तिथून पाणी शेंदायचं.

लोक म्हणजे कोण? कागदावर वस्ती दोनशे बारा माणसांची. पण दिवाळी झाली तशी सगळी ऊसतोडीला कारखान्यांवर निघून गेलेली. मागे पाच म्हातारी माणसं राहिली, त्यांतली दोन वारली, दोघांना लेकी घेऊन गेल्या. फेब्रुवारीत उरली ती एकटी केशरबाई. जाताना सगळ्यांनी घरांच्या किल्ल्या तिच्यापाशी दिल्या होत्या. बावीस किल्ल्या एका नाड्यात ओवून ती कमरेला बांधायची, रोज चार-पाच घरं उघडायची, झाडायची आणि परत लावायची. दहा हजार लिटरची टाकी मी एका बाईसाठी आणि तिच्या एका शेळीसाठी घाट चढवत होतो. त्यात चूकही काही नव्हतं, कारण विहिरीत सोडलेलं पाणी खडक पिऊन टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तळाला चार घागरी उरायच्या.

मीही एकटाच. बायको उमाबाई जाऊन चार वर्षं झाली, लेक केजला दिलेली. बोलायला माणूस नसलं की माणूस गाडीशी बोलतो, तसा मी बोलायचो. आपलं बोलायचं, पुढं कुणी ऐकावं अशी काही अपेक्षा नव्हती.

२

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबानं माझ्या मागच्या डाव्या जोडीवर बोट फिरवलं आणि विचारलं, हे टायर आहेत का भाकरीचे तवे. नक्षी पार गेली होती, आतले दोरे दिसत होते. चाकाच्या लोखंडी डिस्कचीही नटाची भोकं झिजून लांबट झाली होती. दोन्ही बदलल्याशिवाय खेप बंद, म्हणाला.

मी ईश्वरप्पाकडे गेलो. वडवणीच्या नाक्यावर त्याचं टायरचं दुकान, बापापासूनचं. माणूस बोलायला तिरसट, पण चाकाच्या बाबतीत त्याचा शब्द खाली पडत नाही. आमचा पाऊण तास खल झाला. नवी नायलॉनची जोडी आठ दिवसांनी येणार होती. रबर चढवलेले टायर दुकानातच होते, पण भरल्या टाकीनं उन्हात घाट चढताना ते पट्टा सोडतात, आणि पट्टा सुटला की गाडी दरीकडे ओढते. माझ्या जुन्या डिस्कवर तारेचे रेडियल टायर चढवायला तो तयार नव्हता. शिवाय जोडचाकात दोन्ही टायर एका उंचीचे लागतात. एक बोटभर उंच असला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि दुसरा नुसता मिरवतो. संसारात असतं तसंच, असं ईश्वरप्पा म्हणाला.

आठ दिवस खेप बंद म्हणजे केशरबाईच्या घशाला कोरड, ही माझी खरी अडचण. तेव्हा त्याला दूध संघाची गाडी आठवली. आमच्या भागातला तो सहकारी संघ बंद पडून अकरा वर्षं झाली होती. आवारात गंजलेले कॅन, एक पत्र्याची शेड आणि माझ्याच बनावटीची, जवळपास माझ्याच सालची एक गाडी. भंगाराची रीतसर विक्री चालू होती. डिस्कसकट दोन चाकं मिळाली तर एका दिवसाचं काम होतं.

३

त्या गाडीकडे बघून मला वाईट वाटलं. केबिनला काच नव्हती आणि इंजिनाच्या जागेतून वेडी बाभळ वर आली होती. चार टायर केव्हाच बसून कुजले होते. मागची डावी जोडी मात्र तट्ट फुगलेली. गाडी त्या एका कोपऱ्यावर ताठ उभी होती आणि बाकी सगळीकडून ढासळली होती.

मी टामीनं दोन्ही वाजवले. टण, टण.

राखणदार धोंडीराम शपथेवर सांगू लागला की संघ बंद झाल्यापासून या चाकांना कुणी हात लावला नाही. ट्यूबमधली हवा चार-सहा महिन्यांत आपोआप उतरते, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी विचारलं, गाडी इथं लावली कुणी? धोंडीरामनं सांगितलं, एके सकाळी ड्रायव्हर दुधाचे कॅन भरून आला तर फाटकाला कुलूप. धोंडीरामनंच फाटक उघडून गाडी आत घेतली, पण दूध उतरवून घ्यायला कुणी आलंच नाही. दोन दिवस तो केबिनमध्ये बसून होता. तिसऱ्या दिवशी दिसला नाही. कॅन तसेच होते.

ईश्वरप्पानं नट सोडले, चाकं खाली घेतली, नक्षी तपासली. सगळं चोख होतं. मग तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "आदी हवा सोड. हितंच, याच आवारात."

"कावून?"

"दुसऱ्याची हवा घिऊन रस्त्याला लागू न्हाई. जुना टायर जिथं घेतला तिथं त्याची हवा सोडायची, मग आपली भरायची. माझा बाप कधी चुकला न्हाई."

माझं डोकं तडकलं. संघाच्या आवारात वीज नव्हती, हवेचा पंप नव्हता. चाकं दुकानात न्यायची, भरून परत आणायची म्हणजे दिवस गेला. वस्तीला पाणी नसल्याचा तो तिसरा दिवस होता. मी म्हणालो, अकरा वर्षं टिकलेली हवा फुकट घालवायला मी काही खुळा नाही. ईश्वरप्पानं चाकं माझ्या गाडीला चढवली, नट कसले आणि मजुरी न घेता स्कूटरवर बसून निघून गेला. त्याला राग आला असं मी तेव्हा धरून चाललो.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे चाकं वाजवली. पुढचं उजवं, मागची उजवी जोडी, मागची डावी जोडी, पुढचं डावं. सहावा ठोका देऊन टामी खाली घेतली आणि मागून टण आवाज आला.

डाव्या जोडीकडून. स्वच्छ, भरल्या टायरचा.

मी मागे जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. मी गाडी कापसाच्या बंद गोदामाच्या भिंतीला लागून उभी करतो, तेव्हा भिंतीनं आवाज परत दिला असणार. मोकळी टाकी म्हणजे ढोलच. मी स्वतःशी हसलो आणि निघालो. केशरबाईनं त्या दिवशी तीन दिवसांचं पाणी भरलं, शेळीला पाजलं आणि मला भाकरी दिली.

पण तिसऱ्या सकाळी मी मुद्दाम गाडी माळावर उभी केली. चहूकडे उघडं रान, भिंत नाही, झाड नाही. टाकी आदल्या दिवशी भरून ठेवलेली, त्यामुळे ढोलाचाही प्रश्न नव्हता. सहा ठोके दिले. सातवा आला.

मग मी पुढच्या चाकावर दोन ठोके दिले. मागून दोन आले, माझ्याच अंतरानं. मी तीन दिले आणि शेवटचा जरा थांबून दिला. मागूनही शेवटचा जरा थांबून आला. तापलेलं रबर आवाज करतं, थंड लोखंड आवाज करतं, हे मला ठाऊक आहे. पण लोखंडाला मोजता येत नाही.

मी डाव्या जोडीच्या बाहेरच्या चाकावर हात ठेवला. सकाळच्या गारव्यात आतला टायर गार होता, हा मात्र कोमट होता, नुकतंच कुणी बसून उठलेल्या जागेसारखा.

५

आता खरं सांगतो. मला भीती वाटली ती पहिले दोन दिवस. नंतर सकाळ व्हायची वाट बघू लागलो.

ज्याच्या घरात चार वर्षं फक्त स्वतःच्या खोकल्याचा आवाज आहे, त्यालाच हे कळेल. मी ठोका द्यायचो आणि कुणीतरी ठोका द्यायचं. मग मी चाकापाशी बसून चहा प्यायचो, बोलायचो. लेकीचा फोन आला नाही, डिझेलच्या रांगेत कोण भांडलं, उमाबाईच्या हाताचं बेसन कसं असायचं. बोलणं झालं की एक ठोका द्यायचा. तिकडून एक यायचा. मी कधी काही विचारलं नाही. कोण आहेस असं तर मुळीच नाही. विचारलं आणि उत्तर आलं तर पुढं काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

ईश्वरप्पाच्या दुकानावरून जाताना मी हॉर्न न देता पुढे जायचो.

त्या आठवड्यात वस्तीवर एक बदल झाला. मी टाकी सोडायला लागलो की केशरबाई घागर घेऊन यायची, ती येईनाशी झाली. पहिल्या दिवशी वाटलं, झोप लागली असेल. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पोहऱ्याचा दोर कोरडा. मी स्वतः घागरभर पाणी शेंदून तिच्या उंबऱ्याशी ठेवून आलो. तिसऱ्या दिवशी घागर तिथंच, काठोकाठ, वर धुळीची साय.

मी हाक मारली. दार वीतभर उघडलं. तिचे ओठ फुटून रक्त आलं होतं.

"मावशी, पाणी का घेत न्हाईस?"

"तू घिऊन येतोस ते कोण हाय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, कुणी नाही, मी एकटाच असतो. ती माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघत होती. तिनं सांगितलं की मी माझ्या बाजूनं उतरलो की पलीकडच्या बाजूनंही कुणी उतरतं. मी विहिरीकडे गेलो की ते गाडीच्या आडोशाला उभं राहतं, आणि मी शेंदत होतो तेव्हा माझ्या पाठीशी उभं होतं. तीन दिवस ती शेळीच्या दुधावर राहिली होती आणि आता शेळीही आटली होती.

"मावशी, चल माझ्यासंगं खाली, वडवणीला," मी म्हणालो.

"बावीस घराच्या किल्ल्या हायत माझ्यापाशी. मी कशी येऊ? तू त्याला वर आनू नको, राधाकिसना. तेवढं कर."

दार लागलं. मी वळून गाडीकडे बघितलं. गाडी उन्हात उभी होती आणि पलीकडे काहीही दिसत नव्हतं. पण खाली येताना पहिल्यांदाच मी आरसा वळवून ठेवला.

६

ती सगळी संध्याकाळ मी विचार केला, आणि त्याची आता लाज वाटते. एका बाजूला बाई तहानेनं मरायला टेकली होती. दुसऱ्या बाजूला माझी सकाळची सोबत. यात विचार करण्यासारखं काय होतं? तरी मी केला.

ईश्वरप्पाकडे जाऊन चाक उघडायला हवं होतं. पण "मी सांगितलं होतं ना," हे त्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. शिवाय मला असंही वाटलं की केशरबाईच्या डोळ्यांसमोर हवा सोडली तर तिची खात्री पटेल आणि ती लगेच पाणी घेईल. स्टेपनी होतीच. मी सकाळी चाकं न वाजवताच निघालो आणि दहाच्या सुमाराला वस्तीवर पोचलो.

आधी टाकी विहिरीत सोडली. मग जॅक लावला आणि केशरबाईला हाक मारून सांगितलं, बघ मावशी, काढून टाकतो. ती दाराच्या फटीत उभी राहिली. मी बाहेरच्या चाकाच्या व्हॉल्व्हची पिन फिरवून काढली.

हवा सुटली. एका टायरची हवा जायला पाच-सहा मिनिटं लागतात. मी तंबाखू मळली, खाल्ली, थुंकलो, हवा चालूच. पाव तास झाला. टायर जसाच्या तसा फुगलेला. वारा नव्हता, आणि सगळ्या वस्तीभर फाटलेल्या दुधाचा आंबूस वास पसरला. शेळी दाव्याला ताण देऊन मागे मागे सरकत होती. अर्ध्या तासानं आवाज बदलला. आता हवा सलग येत नव्हती. थोडी यायची, थांबायची, पुन्हा यायची. चढ चढून आलेलं माणूस उंबऱ्यावर बसून दम खातं, तशी.

मी चाकाला हात लावला नाही. लांब जाऊन उभा राहिलो.

शेवटी आवाज थांबला आणि टायर एकदम बसला. मी चाक उतरवून स्टेपनी चढवली, नट कसले, टामीनं सगळी चाकं वाजवली. सहा ठोके, सहाच आवाज. मी बराच वेळ कान देऊन थांबलो.

केशरबाई बाहेर आली. विहिरीपाशी बसून ओंजळीनं पाणी प्यायली, परत प्यायली, तोंड धुतलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या दोन्ही घागरी भरून आत नेऊन ठेवल्या.

"गेला बग मावशी," मी म्हणालो.

ती पदरानं तोंड पुसत होती. "कुठं गेला?" तिनं विचारलं.

मी जॅक उचलून केबिनमध्ये टाकला. मी उद्या लवकर येतो म्हणालो आणि गाडी काढली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा ठोके दिले, सहा आवाज आले. चहा गाडीपाशी न पिता घरातच प्यायलो. तो गोड लागेना.

वर पोचलो तर केशरबाईचं दार बंद. विहिरीत डोकावलो. कालचं पाणी कालच्याइतकंच होतं. खडक रोज टाकीभर पाणी पितो, त्यानं घोटसुद्धा घेतला नव्हता. दोर कोरडा होता.

मी दारावर बोटांनी एक टकटक केली. आतून एक आली.

मी थांबलो. मग दोन केल्या. आतून दोन आल्या, माझ्याच अंतरानं.

"मावशी?"

"पाणी सोडून जा, राधाकिसना," केशरबाई आतून म्हणाली. आवाज तिचाच होता. घाबरलेला नव्हता, दुखणेकऱ्याचाही नव्हता. दाराला अगदी चिकटून बोलावं तसा होता.

दार आणि उंबरा यांच्यात चार बोटांची फट होती. मी गुडघे टेकले, गाल जमिनीला लावला आणि आत बघितलं. समोर केशरबाईची पावलं, अनवाणी, भेगाळलेली, धुळीनं माखलेली, बोटं माझ्याकडे. आणि तिच्या मागे, तिच्या टाचांना बोटं टेकवून, आणखी दोन पावलं. तीही माझ्याकडेच वळलेली. ती धुतलेली होती. पांढरीफटक आणि सुरकुतलेली, फार दिवस ओलाव्यात राहिली तर होतात तशी. ज्या वस्तीवर पाय धुवायला पाणी नाही, त्या वस्तीवर.

मी दार मोडायला हवं होतं. हातात टामी होती, दार जुनं होतं. मी उठलो, टाकी विहिरीत सोडली आणि निघून आलो. माणूस स्वतःबद्दल जे काय चांगलं समजून असतो ते त्या उतारावर माझ्यातून गेलं.

ग्रामसेवक बद्रीनाथला मी सांगितलं की बाईकडे बघून ये, माझ्यानं होत नाही. तो भला माणूस, नवा आलेला, दुपारीच जाऊन आला. म्हणाला, उगाच घाबरवता राव, बाई बरी आहे, दाराआडून बोलली, आणि म्हातारा आहे की सोबतीला, त्यानंच सांगितलं पाणी भरपूर आहे म्हणून. केशरबाईचा मालक आश्रुबा वारून वीस वर्षं झालीत. मी ते बद्रीनाथला सांगितलं. तेवढ्यात त्याला तहसिलाचा फोन आला.

ईश्वरप्पाला मी सगळं सांगितलं. तो हातातलं काम न सोडता ऐकत होता. "त्याला बाईच्या घरी सोडून आलास व्हय," एवढंच तो म्हणाला.

मी अजून रोज खेप नेतो. कागदावर वस्ती दोनशे बारा माणसांची आहे आणि मी नाही गेलो तर दुसरा कुणी जाईल, तो दार ठोठावील. अख्ख्या तालुक्यातल्या विहिरी तळाला गेल्या, या एका विहिरीचं पाणी चढत चाललंय. काल ते वरून सातव्या पायरीला होतं. महिन्याभरात कारखाने बंद होतील आणि माणसं लेकराबाळांसह परत येतील. त्यांना काय सांगायचं, हे मी रोज घाट चढताना जुळवतो.

काल टाकी मोकळी झाल्यावर मी दारापाशी गेलो. रोज जातो. तुम्ही काहीही म्हणा, दिवसभरात मला उत्तर देणारं तेवढंच एक ठिकाण आहे. मी एक टकटक केली.

आतून दोन आल्या, एकामागोमाग एक. दुसरी जरा हलकी होती, बाईमाणसाच्या हाताची.